लताबाईची सही

सही माझीच करायची होती. ठरावाच्या तळाशी माझं नाव बापाच्या नावासकट छापलेलं होतं, भटू दगा पाटील, आणि त्याच्यावर एक आडवी रेघ. मी पेन टेकवला आणि हातानं मला न विचारता 'ल' काढला. नुसता 'ल' काढून थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं, पण तो शेपूट वळवून 'ता'कडे निघाला होता. मी डाव्या हातानं मनगट धरलं तेव्हा थांबला. समोर डिंपल मॅडम बसल्या होत्या. कंपन्यांचे सरकारी कागद बघतात त्या, महिन्यातून दोनदा येतात, वयानं माझ्या पोरीएवढ्या. म्हणाल्या, "काय झालं काका?" मी म्हटलं, "पेन अडकला. दुसरी प्रत काढा." पेन कसला अडकतो! अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, स्वतःची सही करायला बसला आणि दुसऱ्या बाईचं नाव लिहायला लागला. प्रिंटर घरघरत होता तेवढ्या वेळात माझ्या पाठीला बनियन चिकटलं. एप्रिल संपत आला होता, बाहेर जळगाव नुसतं भाजून निघत होतं, पण आत एसी चालू होता आणि माझा घाम उन्हाचा नव्हता.

दुसऱ्या प्रतीवर मी जपून, एकेक अक्षर बघत सही केली. मग मॅडमनी मला सांगितलं की मी आता काय झालो आहे. कंपनीत ज्याच्या नावावर शेअर आहेत तोच त्यांचा खरा मालक आहे, की नाव एकाचं आणि माल दुसऱ्याचा, हे सरकारला सांगायला प्रत्येक कंपनीनं एक माणूस नेमायचा असा नवा नियम आला होता. नियुक्त व्यक्ती. तो माणूस कंपनीतला मोठा अधिकारी हवा, आणि कागदावर मी तसा आहे. कागदावर मी पूर्णवेळ संचालक. मालक हितेंद्रभाऊंचे वडील नाना वारले तेव्हा दुसरं नाव लागत होतं म्हणून भाऊंनी माझं टाकलं. प्रत्यक्षात मी एमआयडीसीतल्या ह्या ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात गेटपासून गोडाऊनपर्यंतच्या किल्ल्या सांभाळतो, पाहुणे आले की कचोरी मागवतो आणि रजिस्टरं लिहितो. म्हणजे नावाचा संचालक, त्याला नेमला कशासाठी, तर नावाचं कोण आणि खरं कोण ते ओळखायला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते ह्यालाच. मॅडम पुढं म्हणाल्या, "काका, विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं. खोटं निघालं तर तुमचं नाव." हे त्या हसून म्हणाल्या. शिकलेल्या पोरी भयंकर गोष्टी हसून सांगतात.

हितेंद्रभाऊ तोवर फोनवर होते. सुरतेचा एक भागीदार कंपनीत यायचा होता आणि त्याच्या वकिलानं मालकीचे कागद स्वच्छ मागितले होते. फोन खाली ठेवून ते म्हणाले, "भटूभाऊ, बाकी सगळं सरळ आहे. लताचा तेवढा एक कागद करून टाका." कागद मॅडमनी तयारच ठेवला होता. त्यावर भाऊंच्या बहिणीच्या, लताबाईंच्या, तोंडी लिहिलं होतं की कंपनीतला चारातला एक भाग माझ्या नावावर आहे खरा, पण तो फक्त नावाला, त्याचा लाभ आणि हक्क माझे बंधू हितेंद्र यांचा. खाली रेघ. मी विचारलं, "त्यांना बोलवायचं का?" भाऊ घड्याळ काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "ह्या उन्हात कशाला बोलवता? करा ना नेहमीसारखी." मॅडमचं लक्ष लॅपटॉपमध्ये होतं. नेहमीसारखी. हा शब्द ते एकवीस वर्षं म्हणत आले होते आणि एकवीस वर्षं तो माझ्या कानावरून मीठ-मिरचीसारखा गेला होता. त्या दिवशी तो आत कुठंतरी अडकला आणि दिवसभर खाली उतरेना.

नेहमीसारखी म्हणजे काय ते आता सांगूनच टाकतो, लपवून ठेवायला मी काही मोठा माणूस नाही. जुन्या कारखान्याची कंपनी केली तेव्हा पहिल्या कागदावर लताबाईंनी स्वतः सही केली होती. एकवीस वर्षांच्या होत्या, महिन्याभरात लग्न होऊन शिंदखेड्याला जायच्या होत्या, नुसतं 'लता' लिहिलं, 'ल'ला लांब शेपूट आणि 'ता'च्या खाली एक वळसा. पुढच्या वर्षी वार्षिक सभेच्या हजेरीत त्यांची सही हवी होती. सभा कसली, मी आणि भाऊ आणि चहाचे दोन कप. भाऊ म्हणाले, "आता एका सहीसाठी शिंदखेड्याला कोण जाईल? तुमचा हात चांगला आहे." हात चांगला आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. शाळेत माझं अक्षर भिंतीवर लावायचे. मी जुन्या वर्तमानपत्रावर दहा-बारा वेळा 'लता' काढून पाहिलं आणि मग रजिस्टरात केली. इतकी हुबेहूब आली की भाऊंनी पाठीवर थाप मारली. आमच्याकडे हे सगळ्याच घरच्या कंपन्यांत चालतं, असं मी स्वतःला सांगितलं. चालतं म्हणजे काय, धावतं. पुढं पुढं तर मला वळसाही बघावा लागत नव्हता. माझी स्वतःची सही मी वर्षातून चार वेळा करत असेन, लताबाईंची वीस वेळा. हाताला बिचाऱ्याला कोण मालक ते कसं कळावं.

पण कागद करायचं त्या दिवशी मी टाळलं. म्हटलं आखाजीचं निमित्त आहे, शिंदखेड्याला जाऊन येतो, मुराळी म्हणून जातो आणि कागदही आणतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरच्या लेकीला माहेरी आणायला जो माणूस जातो तो मुराळी. खरं तर तो भावानं व्हायचं, पण नाना गेल्यापासून दरवर्षी मीच जात होतो. साडी भाऊ स्वतः दुकानात बसून निवडायचे, गूळ-फुटाण्यांची पिशवी वहिनी भरायच्या आणि मी कारनं जायचो. ह्या वेळी आखाजीला अजून आठ-दहा दिवस होते. मी कार घेतली नाही, सकाळची सुरतेकडची पॅसेंजर धरली. खरं कारण सांगू? भीती. ते 'तुमचं नाव' डोक्यात बसलं होतं. पापपुण्य वगैरे नंतर सुचलं, धरणगावच्या पुढं. माणूस आधी भितो आणि मग त्या भीतीला चांगलं नाव शोधतो, निदान माझ्यासारखा तरी.

गाडीत खिडकीचे गज तापले होते. बाहेर कपाशीची मोकळी रानं, पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले, मध्येच एखादं निंबाचं झाड हिरवंगार. निंब दिसला की मी मान फिरवतो, त्याचं कारण पुढं सांगेन. पिशवी मांडीवर होती, पिशवीत साडी, साडीखाली तो कागद. आणि मला नाना दिसायला लागले. नाना म्हणजे भाऊंचे वडील, कंपनीचे मूळ मालक. धोतर नेसून कारखान्यात फिरायचे आणि मशीनला बैलासारखे थोपटायचे. कंपनीचे पहिले कागद झाले त्या संध्याकाळी ते मला गोडाऊनच्या मागं घेऊन गेले. नळ्यांची भेंडोळी रचलेली होती, नव्या प्लास्टिकचा वास सुटला होता. तिथं उभं राहून तंबाखू मळत म्हणाले, "भटू, तो चौथा भाग लताना शे. नावना नही, तिनाच. घरमा आते सांगं तं नुसता कालवा व्हई. येळ उनी का मीच सांगसू." मी विचारलं होतं, "मग माले कसाले सांगतस नाना?" ते म्हणाले, "कोनले तं माहीत पाहिजे." बस. एवढंच. मग आठ वर्षं त्यांना वेळ सापडली नाही आणि एका पौषात छातीत कळ येऊन ते दोन तासांत गेले. त्यांच्या तेराव्याला मी पत्रावळी मोजत होतो आणि मनात म्हणत होतो, आता भाऊंना सांगू. मग म्हटलं वर्षश्राद्ध होऊ दे. मग भाऊंनी मला संचालक केलं, पेढे दिले. मग कसलं सांगणं! झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती मूठही माझी नव्हती, लताबाईंची होती.

भाऊ वाईट आहेत असं कोणी समजू नका. लताबाईंचे यजमान नवीनराव आजारी पडले तेव्हा हाच माणूस नाशकाच्या दवाखान्यात अकरा दिवस बाकड्यावर झोपला होता. बहिणीवर जीव आहे त्यांचा. पण बहीण आणि बहिणीचा भाग ह्या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी समोरासमोर आल्याच नाहीत. ते मला समजतं. चांगलंच समजतं. माझी एकच बहीण, ताईबाई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, धुळ्याला देवपुरात असते. बाप गेल्यावर अमळनेर बाजूच्या आमच्या साडेतीन एकरावर तिचंही नाव लागलं. तलाठी म्हणाला, हक्कसोड करून घ्या. मी आखाजीलाच करून घेतली, कारण आखाजीला ती येणारच होती. पुरणाची पोळी वाढली, साडी दिली, दुसऱ्या दिवशी गाडीत घालून तालुक्याला नेली. "कोठे करू?" असं तिनं विचारलं, मी बोट दाखवलं, तिनं केली. बाहेर आल्यावर उसाचा रस पाजला तिला. तिनं दोन ग्लास घेतले, आणि खूश होती, अगदी खूश; तेच तर माझ्या उरावर बसलेलं आहे. रडली असती तर मी विसरून गेलो असतो.

शेताच्या बांधावर एक निंब होता. आखाजीला त्याला झोका बांधायचे, ताईबाई आणि तिच्या मैत्रिणी त्यावर गाणी म्हणायच्या, पार शेवटच्या फांदीला पाय लावून यायची ती. हक्कसोड झाल्याच्या दुसऱ्या वर्षी मी निंब तोडला. सावलीखाली पिकाची दोन तासं, दोन ओळी, वाया जात होती, बाकी काही नाही. त्या आखाजीला ताईबाई आली, नातीला घेऊन झोक्याचा दोर खांद्यावर टाकून बांधावर गेली आणि तशीच परत आली. गोठ्याच्या आढ्याला झोका बांधला पोरींसाठी. संध्याकाळी आमरस वाढताना नेहमीसारखं म्हणाली, "लेय ना भाऊ, आखो लेय." मी घेतला. तेव्हापासून मी निंबाकडे बघत नाही.

शिंदखेड्याला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. लताबाईंचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, पुढं पत्र्याची पडवी, तिथं पाच-सहा बायका बसल्या होत्या आणि मधोमध लताबाई चष्मा लावून बँकेचा एक कागद वाचत होत्या. गावातल्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष आहेत. मला बघून उठल्या, "अरे भटूभाऊ! मुराळी लवकर आला ह्या वर्षी!" आणि बायकांना म्हणाल्या, "मन्हा माहेरना माणूस शे." बायकांनी डोक्यावरचे पदर सारखे केले. मी खाटेवर बसलो, पाणी आलं, चहा आला. त्या बँकेच्या कागदावर परत वळल्या. एक बाई म्हणाली, "करी टाका ना सही अक्का." लताबाई म्हणाल्या, "थांब वं माय. तीनदा वाचाशिवाय मी कोनताच कागदवर सही करत नही." मी चहा बशीत ओतला आणि तो फुंकत राहिलो, निवला तरी फुंकत राहिलो.

बायका गेल्यावर मी साडी दिली. त्यांनी घडी उलगडून पदर बघितला, नाकाला लावला. नव्या साडीला वास घ्यायची त्यांना लहानपणापासून सवय. मग मी कागद काढला. म्हटलं, "ताई, हितेंद्रभाऊंनी पाठवलाय. कंपनीचा आहे." मी समजवायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी पेन उचलला होता. "कुठे करू?" म्हणाल्या. अगदी त्याच सुरात, ताईबाईच्या, रस प्यायला जायच्या आधीच्या. मी म्हटलं, "वाचा तरी." त्या हसल्या. "बँकेचा वाचायचा असतो भटूभाऊ. भावाचा काय वाचायचा?" आणि केली. खटकन. 'ल. न. देसले', इंग्रजीत शिकल्यासारखी झोकदार, खाली दोन ठिपके. गटाच्या चेकवर रोज करून करून बसलेली सही.

मी तो कागद हातात घेऊन बघत राहिलो. ही सही आमच्या एकाही कागदाशी जुळत नव्हती. एकवीस वर्षांच्या रजिस्टरात एकसारखी 'लता' होती, शेपटीसकट, वळशासकट, आणि ती सगळी माझी. पोरगी लग्न होऊन आली, बाई झाली, गटाची अध्यक्ष झाली, तिची सही कुठच्या कुठं निघून गेली आणि मी तिला त्या रजिस्टरात एकवीस वर्षांची करून बसवून ठेवली होती. आता खरी आली तर तीच खोटी दिसत होती. डिंपल मॅडम बघताक्षणी म्हणतील, काका, ही सही चालणार नाही, नमुन्याप्रमाणे आणा. आणि नमुना आणायला कुठं जायला नको होतं, तो माझ्या खिशातल्या पेनात होता. गाडीत बसून हा कागद फाडायचा, दुसरी प्रत पिशवीत होतीच, मांडीवर धरून 'लता' काढायची. कोणाला काही कळणार नव्हतं. लताबाईंचीही संमती होती, समोर सही केली होती की बाईनं! मला त्या क्षणी खरोखर असं वाटलं की देवानं वाट मोकळी केली. एवढा मी हलकट आहे.

"काय बघताय?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, तुम्ही आमच्या कंपनीत शेवटची सही कधी केली?" त्यांनी आठवून पाहिलं. "लग्नाआधी. नानांनी घेतली होती. का?" मी पिशवीतून रजिस्टराच्या पानाची झेरॉक्स काढली. ती मी का आणली होती ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी चष्मा सारखा केला. एकेका ओळीवरून बोट फिरवलं, वर्षं वाचली. "ही मन्ही नही," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पण मी अशीच करायची." मग माझ्या हाताकडे बघितलं. माझ्या उजव्या हाताकडे. मी तो मांडीखाली घेतला, पण तोवर उशीर झाला होता.

त्यांनी भावाचा कागद परत मागितला आणि पहिल्यांदा वाचला. तीनदा वाचला; ओठ हलत होते म्हणून मला मोजता आलं. पडवीच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती. आत नवीनराव खोकले. त्या म्हणाल्या, "ह्याच्यात लिहेल शे की तो भाग भाऊना, मन्हं नुसतं नाव. मग खरं काय शे?" मला वाटलं म्हणावं, मला काय माहीत ताई, मी नोकर माणूस. हे वाक्य मी चौदा वर्षं तोंडात तयार ठेवलं होतं. पण ठरावावर छापलेलं होतं ना, भटू दगा पाटील, खरं कोण ते ह्यानं सांगायचं. मी गोडाऊनच्या मागची ती संध्याकाळ सांगितली. तंबाखू, नळ्यांची भेंडोळी, नानांचं एकेक वाक्य त्यांच्याच बोलीत. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

साडी लताबाईंच्या मांडीवरच होती, तिचा पदर त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. मग म्हणाल्या, "नाना गयात त्याले चौदा आखाज्या व्हयन्यात. चौदा येळा तू माले लेवाले उना. गाडीमा दोन-अडीच तास मन्हा पुढे बशेल ऱ्हायना. तोंड नव्हतं का तुले?" तीस वर्षांत त्यांनी मला कधी तू म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "होतं, ताई." दुसरं काय म्हणणार! त्या पुढं म्हणाल्या, आता शांतपणे, "मला विचारलं असतं तर मी कदाचित देऊनही टाकला असता. माहेर आहे ते माझं. पण मला कोणी विचारलंच नाही, भटूभाऊ. देणारीला देऊ तरी द्यायचं असतं." आणि त्यांनी तो सही केलेला कागद चौपदरी घडी करून नव्या साडीच्या घडीत ठेवला. "हा माझ्याजवळ राहील. आखाजीला येईन तेव्हा काय करायचं ते हितेंद्रसमोर करीन. त्याला म्हणावं, मुराळी म्हणून ह्या वर्षी तू ये. तुम्ही तुमचं काय लिहायचं ते लिहा." मी उठलो. त्यांनी दारापर्यंत येऊन माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला, दरवर्षीसारखा. मला तो चौकापर्यंत तोंडात घालवेना.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन एक पान लिहिलं. संगणकावर नाही, हातानं. की कंपनीच्या कागदांवरच्या लताबाईंच्या पहिली सोडून बाकी सगळ्या सह्या मी केलेल्या आहेत. की कंपनीच्या मूळ मालकांनी चौथा भाग त्यांचा स्वतःचा असल्याचं मला सांगितलं होतं. की नियुक्त व्यक्ती म्हणून माझी माहिती एवढी आहे. खाली सही. हात सरळ गेला. भाऊंनी पान वाचलं, दार लावून घेतलं आणि इतके लाल झाले की मला वाटलं मारतात. "भटूभाऊ, कळतंय का काय केलंत? सुरतेचा माणूस परवा येतोय. तुम्हाला नेमलं कोणी ह्या कामावर?" मी म्हटलं, "तुम्हीच, भाऊ." ते खुर्चीत बसले. टेबलावरचा घड्याळाचा पट्टा उगाच सरळ करत राहिले. मग एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, "नाना असं म्हणाले होते? खरंच?" मी मान हलवली. "मला का नाही सांगितलं त्यांनी?" हा प्रश्न मला नव्हता. थोड्या वेळानं म्हणाले, "ती काय म्हणाली?" मी निरोप सांगितला, मुराळी म्हणून तू ये. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. जाऊ द्या म्हणाले नाहीत, तुम्हाला काढलं असंही म्हणाले नाहीत. नुसतं म्हणाले, "किल्ल्या ठेवून जा." मी कंबरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. तीस वर्षांत तो दिवसाउजेडी कंबरेवरून उतरला नव्हता, चालताना एका बाजूला तोल गेल्यासारखं झालं.

गेटबाहेर पत्र्याच्या सावलीत उभा राहिलो. नोकरी राहिली की गेली ते मला माहीत नव्हतं, आणि नवल म्हणजे त्याचं फारसं वाटतही नव्हतं. दुसरंच काहीतरी छातीत घुमत होतं. लोकांचं खरं-खोटं सरकारला कळवायला निघालेला मी शहाणा. माझ्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे आणि खरं कोण आहे, ते कोण कळवणार? मी फोन काढला आणि ताईबाईला लावला. ती पहिल्या घंटेलाच उचलते, फोन पदरात बांधूनच फिरते. "काय रे भाऊ, दुपारना फोन? बठ्ठा बरा शेत ना? आखाजीले लेवाले येशी ना माले?" तिच्या आवाजात धसका होता. माहेरचा फोन अवेळी आला की लेकी आधी हेच विचारतात, येऊ ना मी, की नको. मी म्हटलं, "येसू ताई, मीच येसू. पण एक इचारानं शे. तू त्या कागदवर सही करी, शेतना... तुले करानी व्हती का? मनपाईन?"

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला, मग पाटावर बसल्याचा. मला वाटलं ती हसून म्हणेल, जाऊ दे रे, तुन्हं-मन्हं काय शे. आणि मी ते ऐकून सुटेन. रस्त्यावरून नळ्या भरलेला ट्रॅक्टर गेला तो पार वळणापर्यंत गेला.

"शेतनं जाऊ दे," ताईबाई म्हणाली. "पन निंब तोडा तवय तू माले इचारं नही, भाऊ."

"नही इचारं, ताई," मी म्हटलं.